सात बाय नऊचे कान: कार्बन रेलच्या सीटचा क्लॅम्प, आठ महिने आणि एक पावसाळा वापरून

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतले लोक मोकळे. क्लॅम्प, म्हणजे सायकलच्या सीटला खालून धरणारे हे कान, चांगला आहे. पाचापैकी चार. एक गुण बोल्टने घालवला, त्याचं पुढे येईल. किंमत टपालासकट 1,150 रुपये. ॲल्युमिनियमचे चार एवढेसे तुकडे आणि एक बोल्ट यांना हे पैसे म्हणजे दरोडा, असं आमच्या दुकानातल्या पोराचं मत. त्या तुकड्यांवर जी सीट बसते तिची किंमत त्याला मी अजून सांगितलेली नाही.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वाटेवर बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकतो. इम्पेलर, फिल्टर, पंपाचे सील, झिंकच्या वड्या, असला माल. वय 53, वजन 84. चार वर्षांपूर्वी शुगर वाढली म्हणून सायकल घेतली, आता शुगरपेक्षा सायकलचीच काळजी जास्त. ॲल्युमिनियमची फ्रेम, 27.2 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचाच सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, त्याच्या डोक्यावर एका आडव्या बोल्टचा क्लॅम्प. सकाळी कधी भाट्याच्या पुलावरून पावसकडे, कधी आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, गिऱ्हाईक कमी, तेव्हा जरा जास्तच.

कार्बन रेलची सीट मी विकत घेतलेली नाही, घेतलीही नसती. पुण्याचा भाचा दिवाळीला आला तो घेऊन आला. "मामा, मला सोसत नाही ही. तुझी बैठक रुंद आहे, तू बघ लावून." स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर 178 ग्रॅम. माझी जुनी 340. दुकानाच्या काउंटरवर पडली होती, तेवढ्यात एक तांडेल सील न्यायला आला. त्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "शेठ, ही सीट हाय का पापलेट खाऊन उरलेला काटा?" मधोमध फट, दोन्ही बाजूंना पातळ पंख, खाली दोन काळ्या चकचकीत कांबी. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या काळ्या कांबी म्हणजे रेल. सीटपोस्टचा क्लॅम्प त्यांनाच धरतो. आपलं सगळं वजन, रस्त्याचे सगळे खड्डे, त्या दोन कांबींच्या चारेक सेंटिमीटर लांबीवर येतात. जुनी सीट काढली, नवी ठेवली, बोल्ट आवळला. बसली की! थोडी अडून बसली, पण बसली. शंका आली म्हणून सायकल जिथून घेतली होती त्या शहरातल्या दुकानदाराला फोन केला. उत्तर आलं, "काही प्रॉब्लेम नाही सर, तोच चालतो, फक्त जरा घट्ट करा."

"जरा घट्ट करा" या दोन-तीन शब्दांवर माझं अर्धं दुकान चालतं. आटे गेलेले बोल्ट, चेपलेले फ्लँज, चिरलेली हाउसिंग, सगळी त्याच सल्ल्याची लेकरं. तरी मी ऐकलं. दुसऱ्याच्या धंद्यात आपण अडाणी असतो.

आरे-वारेच्या चढावर कुरकुर सुरू झाली. बैलगाडीच्या आसाला तेल नसलं की येतो तसा आवाज, प्रत्येक पायडलला एक. वर पोचल्यावर लोक समुद्राचे फोटो काढतात, मी वाकून सीटखाली कान लावला होता. उतारावर एका खड्ड्यात सीटचं नाक वर उचललं गेलं आणि मी मागे घसरलो. पुढचा सगळा रस्ता उभ्याने. शाळेतली मुलं हौसेने उभ्याने सायकल चालवतात, मी नाइलाजाने.

परत येऊन क्लॅम्प सोडला आणि काउंटरच्या दिव्याखाली रेल धरली. प्रत्येक रेलच्या बाहेरच्या अंगाला दोन पांढऱ्या रेघा. एकमेकींना समांतर, सहा-सात मिलिमीटर अंतरावर, पट्टीने ओढल्यासारख्या. नख आडवं फिरवलं, अडकलं नाही. जुन्या बनियनचा तुकडा घासला, धागा ओढला गेला नाही. एका नाण्याने रेलच्या टोकापासून टोकापर्यंत हळूहळू टकटक केलं. जिथे आतून थर सुटलेला असतो तिथे आवाज बद्द येतो, इथे सगळीकडे सारखाच खणखणीत. म्हणजे वरचं लॅकर गेलं होतं, खालचा कार्बन शाबूत होता. थोडक्यात वाचलो. रेल तुटली असती तर सीट गेली असती खाली आणि मी बसलो असतो सीटपोस्टच्या उघड्या टोकावर. जास्त सांगायला नको.

मग व्हर्नियर काढला, जो खरं तर आधीच काढायला हवा होता. इंजिनाचा साधा बुश देतानाही मी दोनदा मोजतो. जुन्या सीटची स्टीलची रेल: उभी 7, आडवी 7. गोल. भाच्याच्या सीटची रेल: आडवी 7, उभी 9.1. लंबगोल, उभी धरलेल्या वालाच्या दाण्यासारखी. वरून बघितलं तर दोन्ही रेल सारख्याच रुंदीच्या दिसतात, फरक कळतो तो बाजूने. म्हणून तर माणूस फसतो.

आता क्लॅम्पकडे बघा. माझ्या सीटपोस्टचा क्लॅम्प बाजूने दाबणारा. बाहेरून दोन कान, आतून दोन तुकडे, आरपार एक बोल्ट. कानांत 7 मिलिमीटरच्या गोल रेलसाठी अर्धगोल खाचा कोरलेल्या. गोल रेल त्यात आप्पेपात्रात आप्पा बसावा तशी सगळीकडून टेकते. 9 मिलिमीटर उंच रेल त्या खाचेत जातच नाही. खाचेच्या वरच्या आणि खालच्या कडाच तेवढ्या रेलच्या सपाट अंगावर टेकतात. बोल्ट जितका आवळाल तितक्या त्या कडा सुरीसारख्या आत शिरतात. हाताला घट्ट लागतं, पण ती पकड नव्हे, चावा आहे. त्या दोन पांढऱ्या रेघा म्हणजे त्या चाव्याचे दात.

स्टीलची रेल असती तर तिने हे सहन केलं असतं, फार तर एक पोचा पडला असता. कार्बनचं तसं नाही. आंबे काढायच्या घळाचा बांबू बघा. टोकाला पाच-सहा हापूस घेऊन कमानीसारखा वाकतो आणि मोडत नाही. तोच बांबू बाकावरच्या व्हाइसमध्ये घालून दोन वळसे आवळा, उभा चिरतो. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने भारी ताकदीचे, आडवं चिरडलं की थर सुटायला लागतात. आणि तो पोचा दाखवून सावध करत नाही.

तेव्हा पहिला नियम, निदान माझ्यापुरता: रेल मोजायची, मग क्लॅम्प बघायचा. जोर लावून जुळत नाही. आणि काळी चकचकीत म्हणजे कार्बन असंही धरू नका, काळ्या रंगाची धातूची रेलही मिळते आणि ती बहुतेक गोल 7 चीच असते. उलट कार्बन म्हणजे 7 बाय 9 च असंही नाही. 7 बाय 9.3 आहेत, 7 बाय 10 आहेत. 9 च्या कानात 10 ची रेल घातलीत की तोच चावा, फक्त जरा कमी दातांचा. मोजताना व्हर्नियरचे जबडे कार्बनवर करकचून दाबू नका, नुसते टेकवा.

कान मागवायची कथा छोटी आहे. पहिल्या विक्रेत्याने पाकिटावर 'कार्बन रेल' छापून आत गोल 7 चेच कान पाठवले. फोटो काढून परत केले, पैसे बावीस दिवसांनी आले. दुसऱ्यांदा सीटपोस्ट ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीचे कान शोधले, पाकिटावर 7x9 लिहिलेले. या परीक्षणात कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. कारण कान हे काही सगळ्यांना चालणारं प्रकरण नाही. प्रत्येक सीटपोस्टच्या डोक्याची रुंदी वेगळी, बोल्टचं भोक वेगळं, कानाला तिरकेपणा देणारे दाते वेगळे. माझे कान तुमच्या पोस्टला बसतीलच असं नाही, आणि नाव वाचून तुम्ही तेच मागवाल. तुमच्या सीटपोस्टवर जे नाव आहे त्याचे 7x9 चे कान मागा. काही कंपन्या फक्त बाहेरचे दोन कान देतात, कारण त्यांचा आतला तुकडा दोन्ही रेलना चालतो. माझ्या सेटमध्ये आतले दोन तुकडेही होते. मागवताना हे एवढं विचारून घ्या, नाहीतर बाहेरून लंबगोल आणि आतून गोल अशी खिचडी होईल.

माल हातात आला तेव्हा बोट फिरवून बघितलं. खाचेच्या कडा घासून बोथट केलेल्या, गुळगुळीत. हे मला फार आवडलं. लेथवर काम केलेल्या माणसाला कळतं, कडा मारायला अर्धा मिनिट जातो आणि स्वस्त मालात नेमका तोच अर्धा मिनिट वाचवलेला असतो. खाचेची लांबी 38 मिलिमीटर भरली, जुन्या कानांची 31 होती. जेवढी लांब पकड तेवढा दाब पसरतो. काळं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा राखणारा थर, एकसारखं, फक्त एका कानाच्या आतल्या कोपऱ्यात थोडं पुसट. हा कोपरा लक्षात ठेवा.

बसवताना खरी अडचण वेगळीच निघाली. रेलवर बारीक अक्षरांत कमाल टॉर्क, म्हणजे बोल्ट जास्तीत जास्त किती जोराने पिळायचा ते, छापलेला होता, 8 न्यूटन मीटर. कानाच्या पाकिटावर 6. दोन आकडे असले की लहान ऐकायचा, एवढं ठरलेलं. पण माझा टॉर्क रेंच इंजिनाच्या हेडचा, 20 पासून सुरू होतो. त्याने 6 मोजणं म्हणजे आंब्याच्या पेटीच्या वजनकाट्यावर केशर तोलणं. लहान रेंच पाच-सहा हजारांना, तो एका बोल्टसाठी घ्यायला जिवावर आलं.

मग मासळी तोलायचा स्प्रिंग काटा घेतला. लांब दांड्याची पाचची ॲलन की बोल्टमध्ये घातली, बोल्टच्या मध्यापासून बरोबर 15 सेंटिमीटरवर दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली, तिथे काट्याचा हूक अडकवला आणि दांड्याशी काटकोनात ओढला. 6 न्यूटन मीटरला 15 सेंटिमीटरवर साधारण 4 किलोची ओढ लागते. काटा 2 वर आला, 3 वर आला, चारच्या रेघेवर आला, थांबलो. दुकानातलं पोरगं म्हणालं, "बांगडा किती किलो भरला?" काटा कितपत खरा आहे ते आधी एक किलोची साखरेची पुडी लावून तपासलं होतं. हे काही कारखान्याचं माप नव्हे, पण "जरा घट्ट" पेक्षा शंभर पटीने बरं. आणि हाताला ते 6 न्यूटन मीटर किती कमी लागतं! माझ्या मनगटाच्या सवयीने मी त्याच्या दुप्पट आवळलं असतं, आधी आवळलंच होतं.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस, रेलला मात्र काहीही नाही. रेल आणि खाच दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडी. रेलवर पुढे-मागे दोन खुणा असतात, क्लॅम्प त्यांच्या आतच हवा. मला सीट जरा मागे लागते, खूण संपली तिथे मी थांबलो. त्याच्या पुढे रेल वाकायला लागते आणि वाकलेल्या रेलवर सरळ खाच पुन्हा दोन टोकांवरच टेकणार. तेवढं मागे मिळालं नाही तर मागे झुकलेला सीटपोस्ट घ्यावा, रेलच्या वळणावर क्लॅम्प चढवू नये.

जानेवारीत बसवले. कुरकुर गेली. एकदम गेली. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, मग फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागरकडे, असा एक लांबचा दिवस केला. फेरीवर सायकल रेलिंगला टेकवली होती तर एका आजींनी सीटवर हात ठेवून "केवढीशी ही, दुखत नाही का रे बाबा?" असं विचारलं. दुखतं, पण पहिल्या सीटइतकं नाही. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर कार्बनच्या रेलची किंचित लवचिकता जाणवते, भाचा सांगतो तेवढी नाही. सीट एक दाताही सरकली नाही. नाक होतं तिथेच.

खटकलेली पहिली गोष्ट: एका बोल्टच्या क्लॅम्पवर तिरकेपणा नेमका साधत नाही. कानामागे दाते आहेत, एका दात्यावर नाक थोडं वर, पुढच्यावर थोडं खाली, मला हवं ते नेमकं मधे. त्यात सैल असताना सीट हातात फिरत राहते. मी तीन सकाळी यात घालवल्या आणि शेवटी किंचित खालच्या दात्याशी तडजोड केली.

दुसरी गोष्ट पावसाळ्यानंतरची. जुलै संपताना क्लॅम्प उघडला. बोल्टच्या डोक्यात तांबूस गंज, आणि तो पुसट राहिलेला कोपरा आठवतो ना, तिथे पांढरी पूड. पीठ सांडल्यासारखी. दुसऱ्या कोणाला ती धूळ वाटली असती, मला ती रोज बघायची सवय आहे. ॲल्युमिनियम खाल्लं गेलं की ते असं पांढरं होतं. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मधे खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. बोटीच्या तळाला आम्ही झिंकच्या वड्या लावतो त्या याचसाठी. खाऱ्या पाण्यात कोणीतरी झिजायचंच, तर पंख्याऐवजी झिंक झिजू दे. ॲनोडायझिंग आहे तोवर ते कातडीसारखं राखतं, जिथे ते पातळ किंवा खरवडलेलं तिथे सुरुवात होते. पुण्यात भाच्याच्या सीटला हे पाच वर्षांत झालं नसतं. आपल्याकडे खारा वारा घरातल्या फ्रिजची बिजागरी सोडत नाही, तो क्लॅम्प कशाला सोडेल?

पूड दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली, खाली खड्डा पडलेला नव्हता. बोल्ट फेकला आणि दुकानातला स्टेनलेसचा त्याच मापाचा, त्याच लांबीचा लावला. स्टेनलेस जोरात आवळला की आट्यांत चिकटून बसतो, म्हणून ग्रीस जरा सढळ हाताने. 1,150 रुपये घेऊन किनाऱ्यावर विकायच्या मालात हा काळा स्टीलचा बोल्ट द्यायला नको होता. एक गुण तिथे गेला. आता दर रविवारी गोड्या पाण्याने सायकल धुतो, नळी सीटखाली मुद्दाम धरतो, आणि दीड-दोन महिन्यांनी क्लॅम्प उघडून बघतो. दहा मिनिटांचं काम. सीटपोस्टही त्याच वेळी वर काढून पुसून पुन्हा ग्रीस लावतो. किनाऱ्यावर फ्रेममध्ये कायमचे अडकलेले सीटपोस्ट मी तीन बघितले आहेत, त्यातला एक माझ्याच बाकावर कापला.

ज्यांना अजून सीटपोस्टच घ्यायचा आहे त्यांना हे कान-प्रकरण टाळता येतं. वरून-खालून धरणारा, दोन उभ्या बोल्टचा क्लॅम्प असलेला सीटपोस्ट बघा. रेलची रुंदी दोन्हींत 7 च, त्यामुळे खालच्या खाचेत लंबगोल रेलही नीट बसते, वाढते ती फक्त उंची. वरची पट्टी 2 मिलिमीटर वर राहते, म्हणजे बोल्ट तेवढा लांब हवा. आट्यात निदान त्याच्या जाडीएवढा तरी शिरलेला दिसला पाहिजे, ॲल्युमिनियमच्या आट्यात दीडपट असला तर उत्तम. वरच्या पट्टीची कड बोटाला टोचता कामा नये आणि कंपनीच्या कागदावर ओव्हल रेल चालते असं लिहिलेलं हवं. तिरकेपणाही यात केसाएवढा बदलता येतो, पुढचा बोल्ट पाव फेरा सोडायचा, मागचा पाव आवळायचा. शेजारच्या आळीतल्या बँकेतल्या मित्राचा असा आहे. त्याच्यावर माझी सीट एक सकाळ लावून बघितली, पाच मिनिटांत नाक हवं तिथे. आज नवीन घ्यायचा असता तर मी तोच घेतला असता. पण जुना पोस्ट चांगला असताना चार हजार कशाला घाला, म्हणून कान. त्या हिशोबात ते खरे उतरले.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन. नव्या सीटनेही त्याचं दुखणं गेलेलं नाही, ही परत मिळेल का म्हणून विचारत होता. म्हटलं, ने, पण आधी तुझा क्लॅम्प कुठला ते फोटो काढून पाठव. फोटो आला. बाजूने दाबणारा, गोल 7 चा, आणि कानाच्या कडेला काळं लॅकर चिकटलेलं. म्हणजे त्यानेही तेच केलं होतं. सीट मी ठेवून घेतली आहे, आणि माझे जुने गोल कान गिअर ऑइलच्या रिकाम्या डब्यात टाकून वर मार्करने 7x7 लिहिलंय, स्टीलच्या रेलची जुनी सीट पुन्हा चढवायची वेळ आलीच तर लागतील.